एकदा परत हुंग

दूध हुंगायचं नसतं, झाकण हुंगायचं असतं. हे ज्याला माहीत नाही त्यानं माझ्या कामाबद्दल बोलूच नये. कॅनमधलं दूध गार असतं, ते वास पोटात ठेवतं. पण झाकणाच्या आतल्या बाजूला त्या दुधाची सगळी चहाडी साठलेली असते. झाकण उचलायचं, उलटं करायचं, नाकाशी न्यायचं आणि एकच श्वास घ्यायचा. मग दोनांपैकी एक शब्द. "ओत" किंवा "फिरव". ओत म्हटलं की दूध मोठ्या टाकीत जातं. फिरव म्हटलं की कॅन आला तसा घरी जातो, आणि तो परत नेताना रस्त्यावरचं प्रत्येक माणूस बघतं.

एकतीस वर्षं मी हे केलं. दूध केंद्राच्या ओट्यावर, सकाळी सहा ते नऊ. लोक तोंडावर 'बाई' म्हणायचे आणि पाठ फिरली की 'नाकबाई'. मला कधी राग आला नाही. बाकीच्यांना नाक असतं ते मुरडायला आणि दुसऱ्याच्या घरात खुपसायला. माझं तेवढं कामाला लागलेलं होतं.

ही विद्या मला दादानं दिली. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठा. आमच्या वडिलांचा गोठा होता. मी पाच-सहा वर्षांची असताना तो सकाळी कॅनचं झाकण माझ्या तोंडासमोर धरायचा आणि विचारायचा, "सांग नकटे, काल गाईनं काय खाल्लं?" माझं नाक बसकं, म्हणून मी नकटी. मी सांगायचे आणि ते बरोबर निघायचं. ओली वैरण, सुकी वैरण, रानातला लसूण, कोणतं भांडं घाईत विसळलंय, सगळं. मग तो येईल त्याला सांगत सुटायचा, "आमच्या नकटीचं नाक बघा!" पुढे केंद्रावर जागा निघाली तेव्हा माझं नाव त्यानंच पुढे केलं होतं.

आणि सात वर्षांपूर्वी मी त्याचाच कॅन फिरवला.

हे आधी सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. आदल्या संध्याकाळी आमचं वाजलं होतं. आईला जाऊन तीन महिने झाले होते. तिचं कपाट कोणी न्यायचं, यावरून आम्ही दोघांनी एकमेकांना नको नको ते ऐकवलं. लाकडी कपाट, एक दार नीट लागत नाही असलं. त्यासाठी मी त्याला म्हटलं, "तू आयुष्यभर घेतच आलायस." घरी गेल्यावर मला वाईट वाटलं, पण माझा स्वभाव असा की शब्द तोंडातून गेला की मी त्याच्या मागे जात नाही.

सकाळी दादा रांगेत होता. खाली बघत होता. नेहमी कॅन ठेवताना काहीतरी चिडवायचा, त्या दिवशी तोंडाला कुलूप. मी त्याच्या तोंडाकडे बघितलं, झाकण उचललं, नाकाशी नेलं, आणि मला वास आला. शपथेवर सांगते, आला. कासेला लावायच्या मलमाचा, आजारी गाईचा.

"फिरव," मी म्हटलं.

दादानं मान वर केली. "नकटे, एकदा परत हुंग."

"माझं नाक दोनदा हुंगत नाही," मी म्हटलं, आणि पुढच्या माणसाच्या कॅनला हात घातला.

त्यानं झाकण लावलं. ते नीट बसेना, दोनदा घसरलं. मग कॅन उचलून तो रस्त्यानं चालत गेला. दुसऱ्या दिवसापासून केंद्रावर आलाच नाही. दोन महिन्यांत त्यानं गाई विकल्या आणि लाकडाच्या वखारीत राखणदार झाला. माझ्याशी बोलणं बंद. मी म्हटलं, ठीक आहे, धरायचा तर धर राग. राग धरायला मला काय शिकवायला लागतं का? मीही त्याच्या दारात पाऊल टाकलं नाही. वहिनी तेवढी अधूनमधून यायची, पाच मिनिटं बसायची, त्याचं नाव न काढता उठायची.

आणि गंमत अशी की त्या दिवसानंतर माझं नाव दुप्पट झालं. "सख्ख्या भावाला सोडलं नाही हिनं!" मग कोणाची टाप होती खराब दूध आणायची? नवीन माणूस रांगेत लागला की जुने त्याला ती हकीकत सांगायचे. मी ऐकून न ऐकल्यासारखं करायचे, पण मनातून सुखावायचे. खोटं कशाला बोलू?

दुखण्याची सुरुवात डोळ्यांनी केली. कॅनवर लाल रंगात आकडे असतात. मी छत्तीसला शहाऐंशी म्हणून हाक मारली. तो म्हणाला, "बाई, शहाऐंशीवाला मागच्या वर्षी वारला. मला कशाला पाठवताय त्याच्या मागे?" सगळे हसले, मीही हसले. मग पायरी चुकले, मग दाराच्या चौकटीला खांदा आपटला. सकाळी उठलं की कपाळ ठणकायचं. चष्म्याच्या दुकानात गेले तर त्या माणसानं माझ्या डोळ्यांत दिवा मारून बराच वेळ बघितलं आणि म्हणाला, "हे माझ्या काचेनं सुटणारं नाही. मोठ्या दवाखान्यात जा."

मोठ्या दवाखान्यात मला एका नळकांड्यात घालून डोक्याचे फोटो काढले. नाकाची डॉक्टरीण म्हणून जी होती ती माझ्या मुलीच्या वयाची असती, मला मुलगी असती तर. तिनं पडद्यावर बोट ठेवलं. नाकाचं छत जिथे संपतं आणि मेंदूचा तळ जिथे सुरू होतो तिथे, बरोबर मधोमध, लिंबाएवढी गाठ.

"कॅन्सर नाही," ती म्हणाली. "अगदी सावकाश वाढणारी आहे."

"मग वाढू दे की. मी पण सावकाशच म्हातारी होतेय."

"ती डोळ्यांच्या नसा दाबतेय. ठेवली तर वर्षभरात दिसणं बंद होईल. नाकातून दुर्बीण घालून काढता येते. डोकं वरून उघडायला लागणार नाही." जरा थांबून ती म्हणाली, "पण तुमचा वास जाईल."

"मी रोज आंघोळ करते," मी म्हटलं.

ती हसली नाही. पुन्हा समजावून सांगू लागली. वास मेंदूपर्यंत पोचवणारे धागे नाकाच्या छतातून वर जातात, दोन्ही बाजूंनी. गाठ नेमकी त्यांच्यावर बसली आहे. तिच्यापर्यंत पोचायची वाटच त्यांच्यातून आहे, त्यामुळे ते वाचवता येणार नाहीत. काही शस्त्रक्रियांत एका बाजूचे राखता येतात, काहींत महिन्या-दोन महिन्यांनी वास परत येतो. माझ्या बाबतीत नाही.

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. "तुम्हाला माहीत आहे मी काय काम करते? डोळे घ्या आणि नाक ठेवा. झाकण हुंगायला डोळे कशाला लागतात?"

"आधी तुम्हाला किती वास येतो ते मोजूया," ती म्हणाली.

मोजूया! एकतीस वर्षं जिच्या नाकावर अख्ख्या भागाचं दूध पास झालं, तिचं नाक ही पोरगी मोजणार.

तिनं एक वही दिली. पानापानावर तपकिरी पट्टी. पेन्सिलीनं खरवडायची, हुंगायची आणि खाली दिलेल्या चार नावांपैकी एकावर खूण करायची. अशी चाळीस पानं. मी पहिली पट्टी खरवडली. काही नाही. दुसरी. काही नाही. पाच पानं झाल्यावर मी वही आपटली.

"ही वही शिळी आहे. ह्याचे वास उडून गेलेत."

डॉक्टरिणीनं दारातल्या नर्सला हाक मारली आणि पान पुढे केलं. नर्सच्या हातात औषधांचा ट्रे होता. तिनं उभ्या उभ्या नाक खाली केलं आणि म्हणाली, "साबण." पुढचं पान. "लिंबू." त्याच्या पुढचं. "ई, रॉकेल." आणि ट्रे घेऊन निघून गेली.

मग मी मुकाट्यानं चाळीस पानं भरली. जिथे काहीच कळलं नाही तिथे अंदाजानं खूण केली, म्हणजे सगळीकडेच.

"डोळे मिटून नुसत्या खुणा केल्या तरी चाळीसातले दहाएक बरोबर येतात," डॉक्टरीण म्हणाली. "तुमचे नऊ आलेत."

नाकी नऊ. आयुष्यभर हा शब्द वापरला, पण असा कधी मोजून हातात पडला नव्हता. मला हसू आलं, आणि हसता हसता रडू कधी आलं ते कळलं नाही. तिनं मला रुमाल दिला.

"पण मला फिनेल कळतं," मी म्हटलं. "कांदा कळतो. दुधात कोणी औषध मारलं असेल तर झाकण उघडताच कळतं."

"ते झोंबतं म्हणून कळतं. झोंबणं वेगळ्या नसेचं काम आहे, ती तुमची शाबूत आहे. गोड-खारट जिभेला कळतं. म्हणून माणसाच्या लक्षात येत नाही. हळूहळू जातं, आधी एका बाजूचं, मग दुसऱ्या."

"कधीपासून?"

"गाठ दहा-बारा वर्षांची असेल. वासाची तारीख मी नाही सांगू शकणार."

तिला नव्हती सांगता येत, मला आली. बाहेर बाकावर बसल्या बसल्या आली. जुन्या घरात असताना एकदा मी वाचत बसले होते आणि शेजारीण दार बडवत आत घुसली. चुलीवर पातेलं जळून कोळसा झालं होतं. मी त्याच खोलीत होते. "नाकबाई ना तुम्ही?" ती ओरडली. मी म्हटलं, सर्दी झालीय. तेव्हा स्वतःलाही तेच सांगितलं. ते घर मी सोडलं त्याला आठ वर्षं झाली. दादाचा कॅन फिरवला त्याला सात.

इतकी वर्षं मी ओट्यावर काय करत होते? झोंबणारं काही असलं तर कळत होतं, ते सोडा. बाकी? आतल्या खोलीत आमचा काचवाला बसतो, नळ्यांमध्ये दूध घालून तपासणारा. माझ्याकडून सुटलेलं तो पकडत होता आणि "बाई, आज जरा आंबूस होतं" असं हळूच सांगत होता, मला वाईट वाटू नये म्हणून. आणि लोक तर खराब दूध आणतच नव्हते. माझ्या नाकाचं काम माझ्या नाकाची भीती करत होती. उरलेलं मी माणसांच्या तोंडावर वाचत होते. ज्याच्या मनात काही आहे तो खाली बघतो. तो खाली बघायला लागला की मला वास यायचा. खरोखर यायचा हो! चांगला ओळखीचा, नाव सांगता येईल असा.

दादा त्या दिवशी खाली बघत होता, तो कपाटापायी.

मी वहिनीला बोलावून घेतलं, कारण कागदावर घरच्या माणसाची सही लागत होती. तिला गाठीचं सांगितलं, डोळ्यांचं सांगितलं, वास जाणार हेही सांगितलं. चाळीसातल्या नऊचं सांगितलं नाही. शस्त्रक्रियेच्या सकाळी ती माझा हात धरून बसली होती. म्हणाली, "हे खाली फाटकापाशी उभे आहेत."

"वर ये म्हणावं."

"येत नाहीत. मी म्हटलं दोनदा."

एवढा राग, मी मनात म्हटलं. बहीण टेबलावर चाललीय तरी सुटत नाही. आणि नंतर वाटलं, धरू दे. त्याला अधिकार आहे. किती आहे ते तर त्याला अजून माहीतही नाही.

पाच तास लागले म्हणे. शुद्धीवर आले तेव्हा नाकात बोळे होते, तोंडानं श्वास घेऊन घसा वाळलेला. नाकाच्या मधल्या पडद्याची कातडी सोलून, वरच्या भोकावर तिचं ठिगळ लावलं होतं. आता ते बसेपर्यंत शिंकरायचं नाही, वाकायचं नाही, जड उचलायचं नाही, शिंक आलीच तर तोंड उघडं ठेवून द्यायची. नाकातून पाण्यासारखं पातळ, खारट काही आलं तर लगेच सांगायचं, कारण ते मेंदूभोवतीचं पाणी. रोज मिठाच्या पाण्यानं नाक धुवायचं. इतकं सांभाळलेलं नाक मी आयुष्यात पहिल्यांदा बाळगत होते, आणि तेही आतून रिकामं.

पण दिसायला लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळी छतावरची चीर दिसली, ती कुठून कुठे गेलीय ते दिसलं, नर्सच्या कोटाचं एक बटण वेगळ्या रंगाचं आहे ते दिसलं. डॉक्टरीण खूष होती. मी तिचे आभार मानले. मनापासून मानले, आणि मग भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

आठव्या दिवशी घरी आले. दहाव्या दिवशी काचवाला भेटायला आला. खुर्चीत बसल्या बसल्या म्हणाला, "बाई, लवकर या. तुम्ही नाही म्हटल्यावर लोक सुटलेत. काल एकानं चक्क आदल्या दिवशीचं दूध आणलं. तुम्ही नुसत्या ओट्यावर उभ्या राहिलात तरी पुरे."

"आता मला वास येणार नाही," मी म्हटलं. "डॉक्टरांनी सांगितलंय."

तो खुर्ची पुढे सरकवून हळू आवाजात म्हणाला, "ते लोकांना कशाला सांगायचं? झाकण नाकाशी न्यायचं, बाकी मी आहे आत. आजपर्यंत चाललंच की."

आजपर्यंत चाललंच की. माणूस साधा आहे, त्याला सगळं केव्हापासून कळलं होतं कोण जाणे. मी त्याच्याकडे बघितलं, त्यानं नजर चुकवली. मला काय वाटलं सांगू? जीव भांड्यात पडला. म्हणजे मी परत जाऊ शकत होते. ओटा होता, रांग होती, बाई होते मी. डॉक्टरीण थोडीच केंद्रावर येऊन चाळीसातले नऊ सांगणार होती! फक्त दादाला कधीच काही सांगायचं नाही, एवढंच. दादाला सांगितलं की वहिनीला कळणार, वहिनीला कळलं की साऱ्या रस्त्याला. आणि न सांगितलं तर दादा मरेपर्यंत घाणेरड्या दुधाचा माणूस राहणार.

"पुढच्या महिन्यात येते," मी काचवाल्याला म्हटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी दार वाजलं. वहिनी असेल म्हणून मी "उघडंच आहे" म्हटलं. दादा होता.

तो दारातच उभा राहिला. सात वर्षांत त्याला मी लांबून बघितलं होतं, आणि तेही त्या अधू डोळ्यांनी. आता स्पष्ट दिसला. गालाची हाडं वर आलेली, शर्टाची कॉलर उलटून शिवलेली, हातांवर वखारीतल्या लाकडांचे ओरखडे.

"दिसतं का नीट?" त्यानं विचारलं.

"दिसतं. म्हातारा झालास."

"तूही काही कोवळी काकडी नाहीस." तो खुर्चीच्या टोकावर बसला, उठून जायला बरं पडेल असा. "हिनं सांगितलं, वास गेला म्हणून. वाईट झालं, नकटे."

नकटे म्हणाला. तो बसेपर्यंत मी मनात काय काय रचून ठेवलं होतं, हवापाण्याच्या गप्पा मारायच्या, त्याला आलास तसा जाऊ द्यायचं. त्यातलं काहीच तोंडातून निघेना. निघालं ते भलतंच.

"दादा, त्या दिवशी कॅनमध्ये काय होतं?"

त्यानं खाली बघितलं. "अजून कळलं नाही गं मला."

"म्हणजे?"

"म्हणजे नाही कळलं. घरी नेलं, झाकण हुंगलं, दहा वेळा हुंगलं. काही नाही. हिला हुंगायला लावलं, तिलाही काही नाही. म्हटलं, आपली नाकं काय कामाची? नकटीला आला म्हणजे आहे." तो हाताच्या ओरखड्यांवरून अंगठा फिरवत बोलत होता. "सगळे कॅन सोड्यानं घासले. गोठ्याची जमीन खणून काढली, चुना टाकला. वैरण फेकून नवी आणली. जनावरांचा डॉक्टर आला, म्हणाला गाई ठणठणीत आहेत. मी त्याच्यावर ओरडलो, तुला काय कळतंय, माझ्या बहिणीला वास आलाय. मग म्हटलं, तांबडीच असणार. दुसरं कोण? तिची कास महिन्यापूर्वी जरा सुजली होती. तिला काढली. मग बाकीच्यांवरचाही विश्वास उडाला. लहान पोरांच्या पोटात जातं ते, आपल्याकडून वाईट जायला नको. सगळ्याच काढल्या."

"आणि माझ्याशी बोलणं का टाकलंस?"

"कुठल्या तोंडानं बोलू?" तो म्हणाला. "तू भर रांगेत भावाचा कॅन फिरवलास, तुला काय वाटलं असेल! माझ्यामुळे तुझ्यावर ती वेळ आली. लाज वाटायची. दवाखान्यातसुद्धा तीन तास फाटकाशी उभा होतो, जिना चढवेना."

सात वर्षं मी त्याचा राग सांभाळत होते, आणि त्याच्याकडे राग नव्हताच.

"दादा," मी म्हटलं, "तांबडीला काही झालं नव्हतं. दुधाला वास नव्हता. मला वासच येत नव्हता, तेव्हाही नव्हता, त्याच्या आधीपासून नव्हता. डॉक्टरांनी तपासलं. चाळीसातले नऊ आले. आंधळ्यानं खुणा केल्या असत्या तर दहा आले असते."

त्याला पहिल्यांदा समजलंच नाही. मी जळक्या पातेल्याचं सांगितलं, घर बदलल्याचं वर्ष सांगितलं, त्याच्या खाली बघण्याचं आणि कपाटाचं सांगितलं. सांगताना मी स्वतःला एकदाही सोडलं नाही. तो ऐकत होता. बाहेर कोणीतरी सतरंजी झटकत होतं, त्याचा धपधप आवाज येत होता.

"म्हणजे तांबडी चांगली होती," तो म्हणाला.

"हो."

"मी लोकांना सांगितलं होतं, दुधाला वास आहे म्हणून. लपवून कसं विकायचं? त्यामुळे दूधवाल्यांपैकी कोणी घेतलीच नाही तिला."

"मग कोणी घेतली?"

"ते विचारू नकोस."

मी विचारलं नाही. म्हटलं, "मी ओट्यावर जाऊन सगळ्यांसमोर सांगणार आहे. तुझं दूध चांगलं होतं आणि माझं नाक खोटं होतं. उद्याच सांगते. मग परत त्या ओट्यावर पाय ठेवणार नाही."

"सांग," तो म्हणाला. "पण आता त्याचं काय? गोठ्यात लोक सायकली लावतात."

त्याच्या आवाजात राग शोधत होते मी. खरंच शोधत होते. ओरडला असता, एखादं भांडं उचलून भिंतीवर मारलं असतं, तर बरं वाटलं असतं. तो नुसता उठला, दारापर्यंत गेला आणि कडीवर हात ठेवून थांबला.

"नकटे, मी म्हटलं होतं तेव्हा एकदा परत हुंगली असतीस तर?"

"तरी मला काही आलं नसतं, दादा."

"तेच म्हणतोय मी," तो म्हणाला. "काही आलं नसतं, तर ओत म्हणाली असतीस."